टाकीच्या चौकातला गोल: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या शहरातलं हे काम: गाड्या हळू व्हाव्यात म्हणून चौकाच्या मध्ये गोल, म्हणजे वाहतुकीचं सर्कल, बांधायचं. शहराचं, चौकाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम देत नाही. चौकाजवळ पाण्याची उंच टाकी आहे, म्हणून आपण त्याला टाकीचा चौक म्हणू. मी या कामात रस्ता-रचनेचा सल्लागार होतो. म्हणजे नकाशे माझे, सही महापालिकेच्या अभियंत्यांची आणि शिव्या दोघांना सारख्या.

चौकाला चार तोंडं. पूर्व-पश्चिम रस्ता विकास योजनेतला १८ मीटरचा, दक्षिणोत्तर १२ मीटरचा. पूर्वेला एसटी स्टँड, पश्चिमेला महामार्ग, दक्षिणेला मंडई आणि उत्तरेच्या चढावर प्राथमिक शाळा. कोपऱ्यांवर किराणा, औषधांचं दुकान, झेरॉक्स, रिक्षा थांबा आणि एक वडापावची गाडी. ईशान्य कोपऱ्यात जुना कडुनिंब, त्याच्या पारावर दुपारी रिक्षावाल्यांचे डबे उघडतात. एका खांबावर सिग्नल होता, पण त्याचा पिवळा दिवा किती वर्षं नुसताच लुकलुकतोय हे वॉर्ड ऑफिसातही कोणाला आठवत नव्हतं.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण पुढे तिच्यामुळे नकाशा बदलला. कारखान्यांचे बॉयलर पेटले की महामार्गावरची कोंडी चुकवायला उसाचे ट्रॅक्टर या वसाहतीतून जातात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, वर वाढं बाहेर आलेला ऊस. रहिवासी दर वर्षी तक्रार करतात आणि दर वर्षी मार्चमध्ये तक्रार आपोआप मिटते.

अडचण कुठून सुरू झाली

खरं सांगायचं तर नव्या डांबरापासून. आधी १८ मीटर रस्त्यावर इतके खड्डे होते की कोणी मनात आणलं तरी गाडी पळवता येत नसे. मग हॉटमिक्सचा थर पडला, रस्ता गुळगुळीत झाला आणि जवळजवळ १४ मीटर रुंदीचं मोकळं डांबर सगळ्यांना मिळालं. पट्टे नाहीत, दुभाजक नाही, फुटपाथ जेमतेम मीटरभर आणि त्यावर दुकानांच्या पायऱ्या. उजवीकडे वळणारी मोटारसायकल चौकाच्या मध्यापर्यंत न जाता आधीच तिरकी कापायची. शाळेच्या वेळी पोरं आणि त्यांना सोडायला आलेल्या आज्या त्या तिरक्या रेषेतच उभ्या असायच्या.

एका जानेवारीत संध्याकाळी अशाच एका आजींना दुचाकीची धडक बसली. पाय मोडला, नातू थोडक्यात वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी रास्ता रोको. त्याच्या दुसऱ्या रात्री कोणीतरी उरलेल्या डांबराचा गतिरोधक टाकला, दीड फूट रुंद आणि वीतभर उंच. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचं गतिरोधकाचं जुनं प्रमाण माप ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असं आहे, म्हणजे गाडी त्यावरून चढून उतरते. हा मात्र भिंतीसारखा होता. तीनच दिवसांत एका गरोदर बाईंना घेऊन चाललेली रिक्षा तिथे जोरात आदळली, आणि ज्यांनी तो मागितला होता त्याच लोकांनी तो फोडायला लावला.

महापालिकेवर तेव्हा प्रशासक होते. माजी नगरसेवकांचा शब्द मात्र वसाहतीत चालत होता. त्यांनी एका वास्तुविशारदाकडून रंगीत चित्र करून आणलं: चौकात १२ मीटर व्यासाचं सर्कल, स्टीलचं रेलिंग, कारंजं, आणि पुढेमागे तिथे एका थोर पुरुषाचा पुतळा. चित्र देखणं होतं. त्यात एकही ट्रॅक्टर नव्हता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय नियमाप्रमाणे मापाचे गतिरोधक. स्वस्त, महिन्याभरात होणारा. पण गतिरोधक ओलांडला की चौकात गाडी पुन्हा मोकळी, आणि उजवं वळण कापायची सवय तशीच.

दुसरा, सिग्नल दुरुस्त करणं. वाहतूक शाखेची पसंती याला होती. पोलिसांचं म्हणणं होतं की सिग्नल असला की दंड करता येतो. आम्ही एक मंगळवार आणि एक शनिवार चौकात बसून काढले. गर्दी खरी सकाळच्या शाळेच्या वेळी आणि संध्याकाळी मंडईच्या वेळी. मधले कितीतरी तास चौक जवळजवळ रिकामा. रिकाम्या चौकात लाल दिव्याला थांबायला आपल्याकडे शिपाई लागतो, आणि या चौकाला शिपाई मिळणार नाही हे शाखेनेच सांगितलं होतं. सिग्नलचा पर्याय तिथेच मागे पडला.

तिसरा, ते कारंज्याचं सर्कल.

चौथा, लहान गोल, पण त्याबरोबर चारही तोंडं आवळायची, कोपऱ्यांवर फुटपाथ पुढे आणायचा आणि १८ मीटर रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी सुमारे ३०० मीटरपर्यंत फुटपाथ, झाडं, दिवे, बाकं असं सगळं एकदम करायचं.

तिसरा आणि चौथा यातला फरक समजावताना माझी सगळ्यात जास्त दमछाक झाली, कारण ऐकणाऱ्याला दोन्हीकडे मध्ये एक गोलच दिसतो. चार रस्त्यांच्या साध्या चौकात वाहनांचे मार्ग एकमेकांना ३२ जागी भिडतात, गोल असला की त्या जागा ८ उरतात, हे अभियांत्रिकीच्या पहिल्या पुस्तकात असतं. मुख्य फायदा आकड्यापेक्षा धडकेच्या प्रकारात आहे. काटकोनातली आणि समोरासमोरची टक्कर जवळजवळ जाते, उरते ती तिरकी, कमी वेगातली घासाघाशी. पण हे सगळं केव्हा? गाडीला आत शिरताना मुळात वळावं लागलं तर. तोंड १४ मीटर रुंद ठेवून मध्ये कितीही सुंदर गोल बांधला, तरी मोटारसायकल त्याला हलकेच बगल देऊन जवळजवळ सरळ निघून जाते. वेग तोंडाशी कमी होतो, कारंज्याशी होत नाही.

दुसरी गोष्ट अग्रक्रमाची. ब्रिटनमध्ये जुने गोल गर्दीत स्वतःच तुंबायचे. १९६६ मध्ये तिथे नियम आला की आत फिरणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आत येणाऱ्याने थांबायचं, आणि मग लहान गोलही चालू लागले. आपल्या २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांतही गोलात असलेल्या वाहनाचाच हक्क आधीचा आहे. पण हा नियम रस्त्यावर किती जणांना माहीत आहे? परवाना काढताना वाचलेला आणि तिथेच विसरलेला. त्यामुळे नियमावर विसंबणारी रचना करायची नाही, तोंडच इतकं अरुंद ठेवायचं की थांबून बघावंच लागेल, एवढं मी मनाशी पक्कं केलं होतं.

उपअभियंता मॅडमनी बैठकीत विचारलेला प्रश्न अगदी रास्त होता: "तुमचं गणित बरोबर असेल हो, पण बांधून झाल्यावर बस अडकली तर फोडायचं बिल कोणाच्या नावावर?"

पहिला निर्णय: आधी फक्की, मग काँक्रीट

त्या प्रश्नाला माझ्याकडे कागदावरचं उत्तर होतं, पण ते कोणाला पटलं नसतं. म्हणून ठरलं की निविदा काढायच्या आधी पंधरा दिवस गोण्या आणि ड्रम ठेवून चौक चालवून बघायचा. वाहतूक शाखेची लेखी परवानगी घेतली. वाळूच्या गोण्या महापालिकेच्या पूर नियंत्रणाच्या गोदामातून आल्या, ड्रम एका डांबर प्लांटवरून.

फेब्रुवारीतली पहाट. चौकाच्या साधारण मध्यावर ड्रेनेजचं एक चेंबर होतं, त्याच्या झाकणाशेजारी खुंटी ठोकली, सुतळी बांधली आणि कबड्डीच्या मैदानावर मारतात तशी फक्की मारत गोल फिरवला. पहिला गोल मुद्दाम १२ मीटरचा, माजी नगरसेवकांच्या चित्रातला. ते स्वतः स्वेटर घालून हजर होते. सहाच्या सुमाराला स्टँडकडे जाणारी एसटी आली. चौकात मिळून सुमारे २२ मीटर व्यासाची जागा मोकळी, त्यात १२ मीटरचा गोल म्हणजे सभोवती ५ मीटर रस्ता. ड्रायव्हरने निम्मं वळण घेतलं, थांबला, मागे घेतली, पुन्हा वळवली आणि पुढचं डावं चाक किराणा दुकानाच्या पायरीला लागता लागता राहिलं. कोणी काही बोललं नाही. माजी नगरसेवकच म्हणाले, "लहान करा."

मग १० मीटर. बस गेली, जरा घासून पण गेली. खरी परीक्षा साडेआठला आली, कारखान्याकडे निघालेला भरलेला ट्रॅक्टर. त्याला हात करून थांबवलं, सांगितलं की दादा, गोलाला वळसा घालून मंडईच्या बाजूला वळा आणि परत या. तो हसला. म्हणाला, "साहेब, पुढची ट्रॉली माझं ऐकते. मागची तिच्या मनाची." पुढची ट्रॉली फक्कीच्या बाहेरून गेली. मागच्या ट्रॉलीचं आतलं चाक फक्की तुडवत गोलाच्या आत शिरलं आणि पलीकडे बाहेर पडलं. पांढऱ्या भुकटीत टायरची नक्षी स्वच्छ उमटली होती. आम्ही टेप लावला: कडेपासून आत पावणेदोन मीटर.

नकाशातलं ॲप्रन तिथून आलं. १० मीटरच्या गोलाचा बाहेरचा २ मीटरचा पट्टा सपाट ठेवायचा, कड फक्त ५ सेंटिमीटर उचललेली, वर खडबडीत काळा दगड. मोटारसायकल आणि कारला तो खडखडाट नकोसा वाटतो म्हणून ती बाहेरून जाते, ट्रॉली आणि बस खुशाल चढते. आतलं ६ मीटरचं उंच वर्तुळ कोणाच्याच चाकाखाली येत नाही. पाठ्यपुस्तकात ही युक्ती होतीच, पण फक्कीतल्या त्या ठशाचा फोटो मंजुरीच्या फाइलीला लावला तेव्हा ती फाइल एकाही टेबलावर अडली नाही.

पंधरा दिवसांत आणखी दोन गोष्टी कळल्या. पहिले चार दिवस फक्त गोल ठेवला होता, तोंडाशी काही नव्हतं. उजवीकडे जाणारे दुचाकीवाले गोलाला वळसा न घालता उलट्या बाजूने निघून जात. एका काकांना विचारलं तर म्हणाले, "पेट्रोल फुकट येतं का?" पाचव्या दिवशी प्रत्येक तोंडाशी रस्त्याच्या मधोमध गोण्यांची लांबट होडी रचली, आत येणारी वाट ४ मीटरवर आणली. उलटे जाणारे पूर्ण थांबले नाहीत, पण आता त्यांना समोरच्या गाडीच्या तोंडावर जावं लागत होतं, आणि तेवढी हिंमत थोड्यांचीच. दुसरं, पोरं तोंडाच्या अगदी टोकाशी रस्ता ओलांडत नव्हती. एका गाडीच्या लांबीएवढं मागे सरकून, त्या गोण्यांच्या होडीशी मध्ये थांबून, दोन टप्प्यांत ओलांडत होती. कोणी शिकवलं नव्हतं. आम्ही झेब्रा तिथेच आखला.

एक तोंड मात्र या प्रयोगात नव्हतं: पश्चिमेचं, महामार्गाकडचं. तिथल्या कोपऱ्यावरची पट्टी एका बंगल्याच्या मालकाची की रस्त्याची यावर वाद होता, आणि त्यांनी गोण्या ठेवायलाही हरकत घेतली. आम्ही म्हटलं, ते नंतर बघू. या वाक्याकडे पुढे परत येतो.

दुसरा निर्णय: मधल्या जागेत काय

निविदा निघाली आणि वसाहतीतली सगळी चर्चा गोलाच्या पोटातल्या त्या सहा मीटरवर आली. पुतळा, कारंजं, घड्याळाचा मनोरा, बँकेची जाहिरात असलेलं 'आय लव्ह' वालं पाटीकाम. तोंडांवर, झेब्रावर, गटारावर एकाही सभेत एकही प्रश्न आला नाही. मला याचं नवल वाटत नाही. मधली जागा सगळ्यांना दिसते, तिथे नाव लागतं, फीत कापता येते. तोंडाशी आवळलेल्या कर्ब स्टोनवर कोण फीत कापणार?

पुतळ्याच्या मागणीला आयुक्त कार्यालयाने शहाणपणाने उत्तर दिलं. मागणीची भावना मान्य करून त्यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१३ च्या आदेशाकडे बोट दाखवलं. सार्वजनिक रस्त्यावर आणि फुटपाथवर पुतळा किंवा बांधकामाला परवानगी देऊ नये असं त्यात राज्यांना सांगितलं आहे. कारंजं पाण्याच्या आणि पंपाच्या देखभालीवर पडलं. शेवटी मातीचा बुटका उंचवटा, त्यावर गुडघ्याएवढी झुडपं. उंचवट्याचाही एक उपयोग असतो, समोरच्या रस्त्याचं टोक सरळ दिसत नाही म्हणून माणूस पाय ब्रेकवर ठेवतो. माजी नगरसेवकांच्या समाधानासाठी जयंतीला तिथे तात्पुरत्या झेंड्याकरता जमिनीत चार पाइप बसवले. काही जणांना ही तडजोड वाटली. माझ्या मते त्या चार पाइपांनी काम वाचवलं.

विसर्जन मिरवणुकीचाही विचार इथेच केला. मंडळांच्या ट्रॉल्या उसाच्या ट्रॉलीपेक्षा लहानच, त्या ॲप्रनवरून सहज जातात. फुटपाथवर गाड्या चढू नयेत म्हणून लावलेल्या आखूड खांबांपैकी, म्हणजे बोलार्डपैकी, दोन कुलूप उघडून काढता येतील असे केले, एवढंच.

तिसरा निर्णय: फुटपाथ की पार्किंग

नव्या आराखड्यात फुटपाथ २.४ मीटर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांविषयीच्या २०१२ च्या संहितेत चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा सांगितली आहे, त्यात खांब-झाडांची पट्टी मिळवली. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथ रुंद झाल्यावर काय झालं ते बघायला अधिकाऱ्यांची एक गाडी जाऊनही आली. पण दुकानदारांना पुणं दाखवून उपयोग नव्हता. औषधवाले शेठ म्हणाले, "पार्किंग गेलं की गिऱ्हाईक गेलं."

आम्ही दोन सकाळी दुकानांसमोरच्या दुचाकींचे नंबर लिहून काढले, साडेनऊला आणि पुन्हा एकला. बऱ्याच गाड्या दोन्ही वेळेला त्याच जागी. त्या गिऱ्हाइकांच्या नव्हत्या, दुकानांतल्या मालकांच्या आणि नोकरांच्या होत्या. यादी शेठना दाखवली तर पहिला नंबर त्यांच्याच स्कूटरचा. त्यांनी यादी परत दिली आणि चहा मागवला. दुकानांच्या गाड्या टाकीच्या कुंपणालगतच्या रिकाम्या पट्टीत लावायच्या ठरल्या, आणि समोर थोड्या वेळच्या पार्किंगचे चार कप्पे ठेवले.

वडापावच्या मावशींचा प्रश्न आम्ही शेवटपर्यंत टाळला, ही चूक. त्यांची गाडी उत्तर तोंडाच्या टोकाशी, आणि गिऱ्हाइकांच्या मोटारसायकली बरोबर नव्या झेब्रावर. काम सुरू झाल्यावर ठेकेदाराच्या माणसांनी गाडी उचलायला सांगितली तेव्हा भांडण झालं. मावशींकडे सर्वेक्षणाची पावती होती, २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना हटवायचं तर पर्यायी जागा द्यावी लागते. शेवटी १५ मीटर मागे, कडुनिंबाच्या सावलीत फुटपाथच्या रुंद भागात त्यांना जागा आखून दिली. त्यांचं म्हणणं एका वाक्याचं होतं: "हे आधी विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं, तिथं सावली आहे."

कडुनिंबाला हात लावला नाही. तोडायचा तर १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी, आणि तोडायचं कारणही नव्हतं. फुटपाथची कड त्याच्याभोवती वळवली आणि बुंध्याशी माती उघडी ठेवली.

काम

कामाबद्दल थोडक्यात. क्रम चुकला. आधी जमिनीखालचं, मग वरचं, हे प्रत्येक अभियंत्याला पाठ असतं. पण महावितरणचे दोन खांब हलवायचं इस्टिमेट मंजूर व्हायला उशीर झाला आणि एप्रिल उजाडला. पावसाआधी संपवायच्या घाईत ठेकेदाराने फुटपाथ पुढे नेला. परिणाम: खांब फुटपाथच्या मधोमध, आणि अंधांसाठीच्या पिवळ्या उंचवट्याच्या फरशा सरळ त्यातल्या एका खांबावर जाऊन थांबलेल्या. तो फोटो सोशल मीडियावर फिरला आणि फिरायलाच हवा होता. फरशा वळवल्या गेल्या. खांब पुढे सहा महिन्यांनी हलले.

रस्ता खणताना जुनी ॲस्बेस्टॉस सिमेंटची पाण्याची लाइन फुटली. वसाहतीला दोन दिवस टँकर. ॲप्रनला दगडाऐवजी ठेकेदाराने पातळ पेव्हर ब्लॉक टाकले. पहिल्याच हंगामात ट्रॉल्यांनी ते उखडले, आणि निविदेत दगडाची जाडी स्पष्ट लिहिलेली होती म्हणून त्याच्याच खर्चाने काँक्रीटवर दगड बसवून घेता आला. एक गोष्ट नीट झाली: डांबराचा नवा थर टाकण्याआधी जुना खरवडून काढला. नाहीतर दर थरागणिक रस्ता वर आणि दुकानं खाली, हे आपल्याकडचं नेहमीचं.

जूनचा पहिला मोठा पाऊस आला आणि उत्तर तोंडाशी घोटाभर पाणी साचलं. शाळेची पोरं चपला हातात घेऊन झेब्रावरून चालत होती. यात दोष माझ्या नकाशाचा. कोपऱ्यावर फुटपाथ पुढे आणला, म्हणजे कर्बची रेघ रस्त्यात सरकली, पण पाणी गटारात घेणाऱ्या जाळ्या जुन्या रेघेवरच राहिल्या, आता फुटपाथच्या खाली गाडल्या गेलेल्या. शिवाय तिथलं झेब्रा क्रॉसिंग मी फुटपाथच्या पातळीला उचललं होतं, चढावरून येणाऱ्या पाण्याला ते बांधासारखं आडवं आलं. फेब्रुवारीच्या प्रयोगात बस, ट्रॉली, माणसं सगळी तपासली. पाणी तपासायचं राहिलं, कारण फेब्रुवारीत पाणी नसतं. एक टँकर चढावर नेऊन सोडला असता तर दहा मिनिटांत कळलं असतं. नव्या रेघेवर जाळ्या बसवून फुटपाथखालून पाइप नेला तेव्हा प्रश्न सुटला, पण नवा फुटपाथ महिन्याभरात फोडावा लागला, आणि त्या वेळी लोक जे बोलले ते मी ऐकून घेतलं.

पहिल्या आठवड्यात रात्री एक कार थेट गोलावर चढली. कोणाला लागलं नाही. गोल तयार होता, परावर्तक पाट्या यायच्या होत्या, आणि कोपऱ्यावरच्या दिव्याची केबल खणताना तुटलेली. अंधारात काल नसलेली वस्तू आज रस्त्याच्या मध्ये. दुसऱ्याच दिवशी ड्रमना चमकत्या पट्ट्या चिकटवून ते गोलाभोवती पुन्हा उभे केले.

निकाल

अपघातांचे आकडे इथे देत नाही. एका चौकाच्या वर्ष-दीड वर्षाच्या आकड्यांवरून काही सिद्ध होत नाही, आणि किरकोळ धडकांची नोंद पोलिसांत होतच नाही. जे डोळ्यांनी दिसतं ते सांगतो.

पूर्व, उत्तर आणि दक्षिण तोंडाशी गाड्या हळू होतात, बहुतेक जण थांबत नाहीत पण मान वळवून बघतात. हॉर्न कमी झाला नाही; मला वाटलं होतं होईल. गोलात असलेल्याला आधी जाऊ द्यायचं हा नियम गर्दीच्या वेळी निम्माच पाळला जातो, पण ४ मीटरच्या वाटेतून जो काही घुसतो तो सावकाश घुसतो. उलट्या बाजूने जाणारे अजून आहेत, मुख्यतः रिक्षा थांब्याकडून निघणारे. शाळेने उत्तरेच्या झेब्राशी उभी राहणारी बाई ठेवणं बंद केलं, ते मात्र मला पटलेलं नाही. पावसाळ्यात आणि ऊस हंगामात तिथे माणूस हवाच.

फुटपाथ वापरात आला, अपेक्षेपेक्षा वेगळ्या रीतीने. कडुनिंबाखाली दोन बाकं टाकली होती ज्येष्ठांसाठी. सकाळी त्यावर ज्येष्ठ असतात, दुपारी डबे, संध्याकाळी वडापावची गिऱ्हाइकं. शेठच्या दुकानासमोरच्या चार कप्प्यांपैकी एकात त्यांची स्कूटर परत आली आहे.

वेगळं काय करता आलं असतं

दिवे आणि पाट्या गोलाच्या आधी. महावितरणचं पत्र निविदेच्या आधी. मावशींशी बोलणं पहिल्या आठवड्यात. प्रयोगात पाण्याचा एक टँकर. या सगळ्या दुरुस्त होणाऱ्या गोष्टी होत्या आणि बहुतेक झाल्या.

पश्चिमेच्या तोंडाचं तसं नाही. तिथे आम्ही 'नंतर बघू' म्हटलं आणि बाकीचं काम पुढे नेलं. वाद मिटेपर्यंत थांबलो असतो तर निधी परत गेला असता, असं तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. पण एक मधला मार्ग होता: वादातली पट्टी न वापरता, फक्त रस्त्याच्या मधली होडी तिथेही बांधता आली असती. तोंड ४ मीटरवर आलं नसतं, साडेपाचवर आलं असतं. मी तो नकाशा काढलाच नाही, कारण मला चारही तोंडं एकसारखी हवी होती. नकाशातल्या सारखेपणाचा मोह, दुसरं काय.

त्यामुळे चौकात आज एक नकोसा प्रयोग आपोआप चालू आहे. गोल तोच, झुडपं तीच, नियम तोच. तीन तोंडांकडून येणारी गाडी वळते आणि हळू होते. चौथ्याकडून, महामार्गावरून येणारी गाडी रुंद डांबरावरून येते, गोलाला बगल देते आणि जवळजवळ त्याच वेगात स्टँडकडे निघून जाते. पूर्वेच्या झेब्रावर उभं राहिलं की फरक कानानेही कळतो.

बंगल्याच्या मालकांची फाइल नगररचना विभागात आहे, मोजणीची तारीख दोनदा पुढे गेली. दरम्यान कोणीतरी प्रयोगाच्या वेळच्या वाळूच्या गोण्या गोदामाकडे परत न पाठवता त्या तोंडाशी रस्त्याच्या मध्ये रचून ठेवल्या आहेत. महापालिकेने ठेवल्या नाहीत, उचललेल्याही नाहीत. काही फाटल्या आहेत, दोन गोण्यांतून गवत आलंय. मागच्या वेळी गेलो तेव्हा त्यांतल्या वरच्या गोणीला कोणीतरी लाल फडकं बांधलं होतं.